तुळजारावांनी केलेली स्तुती

तुळजाराव समुद्राला कधी 'सागर' म्हणत नसत. त्यांच्या मते हा शब्द वाळूवर बसून सुंडल खाणाऱ्यांचा होता. मद्रासच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उकडलेल्या हरभऱ्यांच्या पुड्या घेऊन शेकडो माणसं बसत आणि पाण्याकडे पाहून उसासे टाकत. तुळजाराव त्यांच्यामधून वाट काढत जायचे ते नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करून. "बघा, बघा," मला म्हणायचे, "इतके डोळे, आणि एकासही दिसत नाहीं."

मी बार्शीचा. वडील बाजारात तोलार होते. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि समुद्र पाहिलेलाही मी पहिलाच. मद्रास बंदराच्या उत्तरेला, सुकट वाळत घातलेल्या एका रस्त्यावर, लाटा आणि भरती-ओहोटी मोजणारं एक लहानसं सरकारी कार्यालय होतं. तिथे मला नोकरी लागली आणि तुळजाराव माझे वरिष्ठ झाले. ते तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज केव्हातरी भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. ते बोलायचे ते मराठी मला आधी कळेचना. शब्द जुन्या पोथीतले, चाल तमिळ, आणि दोन्हींच्या मधे कुठेतरी इंग्रजी. माझं मराठी ऐकून मात्र तेच हसले. "हें मराठी पेपरांतलें," म्हणाले. "घरीं बोलायचें कोणतें?"

रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "लाट म्हणजे काय हो, ग्रॅज्युएट?"

मी परीक्षेतल्यासारखा उभा राहून म्हणालो, "पुढे पुढे येणारं पाणी."

ते उठले. मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे लाटांचा हौद होता, लांबट, सिमेंटचा, एका टोकाला लाकडी फळी मागेपुढे हलवायची सोय असलेला. त्यांनी पाण्यात एक बूच टाकलं आणि फळी हलवली. लाटा एकामागून एक हौदभर धावल्या, पण बूच जागचं हललं नाही. लाट आली की ते वर चढे, जराशी पुढे झोकांडी खाई, खाली उतरे, मागे सरके आणि पुन्हा होतं तिथेच येई.

"बुचास कळलें," तुळजाराव म्हणाले. "तुम्हांस कधीं कळेल तें सांगा, मी कापी घेऊन येतों." कापी म्हणजे कॉफी.

ते एम.ए. झाले होते, पदार्थविज्ञानात (तिकडे तेव्हा त्यातही एम.ए. असे), पहिल्या वर्गात, सुवर्णपदकासह. ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत, पण समोरच्याला ती विसरूही देत नसत. अंगाने काटकुळे, ठेंगणे, टक्कल पडलेलं, ऑफिसात पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं नेसलेलं धोतर, आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. ओठ कायम किंचित वाकडे, कुणीतरी आत्ताच काहीतरी मूर्खासारखं बोलल्यासारखे. आणि बहुतेक वेळा कुणीतरी बोललेलंच असे.

एकदा एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. त्याने छापलं होतं की ब्रह्मदेशाजवळच्या वादळाने उसळलेलं पाणी उपसागर ओलांडून मद्रासच्या किनाऱ्यावर आदळलं. तो खुलाशासाठी आला होता, म्हणजे आणखी असंच छापण्यासाठी. शेडमागच्या दोरीवर पहाऱ्यावरच्या शिपायाचं धोतर वाळत होतं. तुळजारावांनी ते ओढलं, एक टोक वार्ताहराच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून जोरात झटकलं. कापडातून एक फुगवटा सळसळत त्याच्याकडे गेला आणि त्याच्या मनगटाला झटका बसला.

"काय पोंचलें तुमच्याकडे?"

"झटका, सार." सर म्हणायच्या ऐवजी तिकडे सार म्हणत.

"धोतर आलें काय?"

"नाही, सार."

"मग ब्रह्मदेशाचें पाणी मद्रासला कसें येईल? झटका येतो. पाणी तेथलें तेथेंच. तें झटक्यास वाट देतें, एवढेंच. आतां तें धोतर परत घाला दोरीवर, बिचाऱ्याकडे दुसरें नाहीं."

त्या वार्ताहराने दुसऱ्या दिवशी काय छापलं ते मी सांगत नाही. तुळजारावांनी ते कात्रण हौदाच्या भिंतीला चिकटवलं आणि त्याच्यावर लाल पेन्सिलीने शून्य मार्क दिले.

भूकंपाने उठणाऱ्या लाटांबद्दल तेव्हा आमच्याकडे कुणाला फारसं माहीत नव्हतं. मला ते त्यांनी शिकवलं मांबलम स्टेशनवर. आम्ही दोघेही वेस्ट मांबलमला राहत होतो आणि संध्याकाळी एकाच गाडीने उतरत असू. गाडी थांबली की लोक उड्या टाकून फाटकाकडे धावत. फाटकाशी तिकिटं घेणारा एकच माणूस. पुढचे तिथे अडखळत, मागच्यांना ते कळत नसे, ते येतच राहत, आणि बघता बघता फाटकापाशी माणसांचा ढीग होई, एकाचा डबा दुसऱ्याच्या कानाला लागे.

"हें बघा," तुळजाराव बाकावर बसूनच म्हणाले. "समुद्राचा तळ भूकंपानें हालला, म्हणजे वरचें सगळें पाणी तळापासून ढकललें जातें. खोल समुद्रांत ती लाट विमानाच्या वेगानें धांवते, आणि उंच केवढी? हातभर. वरून जहाज गेलें तर कपांतली कापी सांडणार नाहीं. मग किनारा जवळ येतो, पाणी उथळ होतें. उथळ पाण्यांत लाट हळू होते. पुढची बाजू अडखळली, मागची अजून धांवतेच आहे. मग काय होईल?"

"ढीग," मी म्हणालो.

"चूक नाहीं."

'चूक नाही' ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी होती. त्याच्या वर काही नव्हतं. फाटकापाशी दोघा कारकुनांचं भांडण लागलं होतं, ते पाहत ते पुढे म्हणाले, "माणसांस डोकें नसतें आणि लाटेसही नसतें. म्हणून उपमा जमते."

मग उठले. त्या ढिगात मात्र ते कधी शिरत नसत. फलाट रिकामा होईपर्यंत बसून राहत.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जात असे. त्यांच्या पत्नीला तिकडच्या पद्धतीने मी मामी म्हणायचो. मामी मला डोसे वाढायच्या, बार्शीची चौकशी करायच्या आणि नवऱ्याच्या देखत नवऱ्याची तक्रार करायच्या. "ह्यांस कोणीच आवडत नाहीं रे बाळा. आपलीं मुलेंही आवडत नाहींत, माझे भाऊ नाहींत, देव तरी आवडतो कीं नाहीं, तें देवासच माहीत. लग्न होऊन मी केस पांढरे केले, केलेलें सार बरें झालें म्हणून एकदां म्हणालें नाहींत. साराचें टंबळर रितें झालें कीं समजायचें."

"रितें होतें ना?" आतून आवाज आला.

"ऐकिलेंस?" मामी म्हणाल्या. "ही स्तुती."

आता वर्तकसाहेबांबद्दल सांगायला हवं, कारण तुळजाराव खऱ्या अर्थाने तिरस्कार करायचे तो त्यांचा. आमच्या कार्यालयाचे ते प्रमुख. पुण्याचे इंजिनियर, नद्यांवर पूल बांधून नाव झालेलं, आणि ते नाव घेऊन समुद्रावर आलेले. ती जागा तुळजारावांना मिळायची होती. मिळाली नाही, कारण ती देणाऱ्या समितीतल्या एका विद्वानालाही तुळजारावांनी बूच दाखवलं होतं.

वर्तकसाहेब वाईट नव्हते. आज इतक्या वर्षांनी मी एवढंच म्हणेन की ते भरलेले होते, स्वतःनेच. बोलताना छातीवर हात ठेवत. खिडकीतून समुद्राकडे पाहून दिवसाचा अंदाज जाहीर करत. तुळजारावांच्या बोलण्याची चारचौघांत थट्टा करत. "तुळजाराव, तुम्ही रजेचा अर्ज केला तरी मला वाटतं जुन्या सनदेच्या भाषेत कुणी मला गाव इनाम देतंय."

"गांव द्यायचें तर चालवणारा पाहून देतात, सार," तुळजाराव म्हणत.

एकदा दिल्लीहून पाहुणे आले होते. बाहेर मोठ्या लाटा फुटत होत्या. वर्तकसाहेब खिडकीशी उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आज समुद्र चढलाय. भरती मोठी आहे."

वास्तविक तेव्हा पूर्ण ओहोटी होती. दूर दक्षिणेकडे कुठेतरी आठवड्यापूर्वी वारा सुटलेला असतो, तिथून निघालेल्या लाटा वारा थांबला तरी प्रवास करत राहतात आणि निरभ्र दिवशी आपल्याकडे येऊन फुटतात. लाटा मोठ्या म्हणजे पाणी चढलं असं नव्हे. हे आमच्या शिपायालाही ऐकून ऐकून पाठ झालेलं.

तुळजाराव पाहुण्यांसमोर म्हणाले, "सार, खिडकी वाचूं नका. काटा वाचा."

काटा म्हणजे भरतीमापकाचा. धक्क्याच्या टोकाला एका खोपटात एक उभा मोठा पाइप समुद्रात सोडलेला होता. त्याला तळाशी एक लहानसं भोक. बाहेर लाटा कितीही आपटोत, त्या भोकातून आत येईपर्यंत त्यांचा दम संपे. पाइपातलं पाणी फक्त समुद्राच्या खऱ्या पातळीबरोबर सावकाश चढे-उतरे. त्याच्यावर एक तरंगता डबा, डब्याला तार, तारेला काटा. जगात तुळजारावांचा विश्वास असलेली ही एकच वस्तू होती. पाहुण्यांना त्यांनी तिथवर चालवत नेलं. काटा तळाशी होता. पाहुणे हसले. त्यांतला एक म्हणाला, "वर्तक, तुमच्या पुलाखालून पाणी गेलं."

त्यानंतर वर्तकसाहेब रोज सकाळी स्वतः चालत जाऊन काटा वाचू लागले. मी तरुण होतो. मला वाटलं, तुळजारावांनी साहेबांना शिकवलं.

मग एक मोठं वादळ आलं, ते ईशान्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत. हवामान खात्याने बंदराला धोक्याची खूण दिलेली होती, आणि दुपारपर्यंत एवढं नक्की झालं होतं की वादळाचा मध्य आमच्या किंचित उत्तरेला, बंदर आणि एन्नोर यांच्यामधे, संध्याकाळी किनारा ओलांडेल. एन्नोरला समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर कोळ्यांची एक वस्ती होती. पट्टीवर जायला एकच सखल रस्ता. जिल्ह्याच्या कचेरीने लॉऱ्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि फोनवर आमच्या साहेबांचा सल्ला मागितला होता: वस्ती हलवायची की नाही? माणूस फोन धरून थांबला होता.

वर्तकसाहेब भिजून आले होते. एवढ्या वाऱ्यात ते स्वतः धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आले, हे मान्य करायला हवं. टेबलाशी उभे राहून ते म्हणाले, "काटा वाचून आलोय. पाणी आजच्या भरतीच्या कोष्टकापेक्षा फूटभर खाली आहे, आणि अजून उतरतंय. समुद्र मागे चाललाय. लोकांना उगाच पावसात उपसून काढायचं कारण नाही."

त्यांनी वाचलेलं अगदी बरोबर होतं. आणि काढलेला अर्थ प्राणघातक होता.

आपल्याकडचं वादळ घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं. ते पूर्वेकडून किनाऱ्यावर आलं की मध्याच्या दक्षिणेला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी बाहेर ढकलतो. मध्याच्या उत्तरेला तोच वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि सगळं पाणी किनाऱ्यावर चढवतो. आम्ही दक्षिणेला होतो. एन्नोर उत्तरेला. आमचा काटा जितका खाली, तितकी एन्नोरची काळजी जास्त.

तुळजारावांना हे कळायला क्षणही लागला नाही, आणि बोलायलाही. ते जन्मभर बोलत आले तसेच बोलले. "अय्यो! पूल बांधणाऱ्यानें पूल बांधावेत! काटा वाचिला म्हणजे काय अक्कल आली? पोपटही वाचील!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुळजाराव, तोंड सांभाळा. खिडकी वाचू नका, काटा वाचा, हे कोण म्हणालं होतं? दिल्लीच्या लोकांसमोर कोण म्हणालं होतं? आज वाचला काटा, तर तो तुम्हाला चालत नाही. म्हणजे मी वाचला म्हणून चालत नाही!"

"तुम्ही मेणबत्ती घेऊन सूर्य शोधणारे—"

"बाहेर जा."

"जात नाहीं. माणसें मरतील तेथें, कळतें काय? शाळेंतल्या पोरास कळेल!"

"मग शाळेतल्या पोराला विचारून लॉऱ्या पाठवा!" साहेबांनी रिसीव्हर उचलला. "हॅलो. हां, वर्तक बोलतोय."

तुळजारावांनी हात पुढे करून फोनच्या बोलण्याच्या तोंडावर पंजा ठेवला. मी दाराशी होतो. दोघे एका टेबलाच्या दोन बाजूंना, मधे तो काळा रिसीव्हर. मला वाटलं, आता हाणामारी होणार. बाहेर एक पत्रा उडून कुठेतरी आपटला.

मग तुळजारावांच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं की जे आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ सरळ झाले.

"सार," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आलेला. "तुम्ही फार उत्तम वाचिलें."

साहेबांनी रिसीव्हर खाली घेतला.

"इतक्या वाऱ्यांत जाऊन वाचिलें. मी गेलों नसतों. फूटभर म्हणालांत तें फूटभरच असणार. तुमचें वाचणें मी मानितों."

"मग?"

"मग एक शंका आहे. नदीचें ज्ञान तुम्हांस आहे, मला नाहीं. नदी वळते, तेथें एका कांठाला पाणी खालीं जातें म्हणतात, खरें काय?"

"अर्थात. आतल्या काठाला उतरतं."

"मग तें उतरलेलें पाणी, सार, कोठें जातें?"

साहेब विचार करू लागले. ते विचार करताना छातीवर हात ठेवत, तसा ठेवला. फोनमधून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. तुळजाराव त्यांच्याकडे पाहत उभे होते, अगदी नम्रपणे, मान किंचित कलती करून. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं. ती जीभ त्यांनी आत धरून ठेवली होती, आणि ते किती कठीण जात होतं ते मला त्यांच्या मानेवरच्या शिरेवरून दिसत होतं.

"बाहेरच्या काठाला चढतं," साहेब सावकाश म्हणाले. "म्हणजे इथे खाली गेलंय तर... वादळाच्या पलीकडे... तुळजाराव! एन्नोरला चढणार!"

"अय्या!" तुळजाराव म्हणाले. "हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें, सार."

साहेबांनी रिसीव्हर तोंडाशी नेला. "सगळ्या लॉऱ्या एन्नोरला. ताबडतोब. मी सांगतोय, मी! माझा हिशेब आहे."

बाहेर जिन्यात तुळजाराव भिंतीला टेकून उभे राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "ग्रॅज्युएट, मला शिवूं नका. मी मळलों आहें."

आम्ही शेवटच्या लॉरीतून गेलो. पावसात समोरचं दिसत नव्हतं. वस्तीचा म्होरक्या मुत्तय्या म्हणून होता, तो निघायला तयार नव्हता. वादळं त्यानेही पाहिली होती, आणि पुष्कळशी त्याच्या वस्तीच्या बाजूला आलीच नव्हती. तुळजाराव तमिळमध्ये त्याच्यावर ओरडले, मग थांबले, मग हात जोडले. बायका आधी उठल्या. पोरं, म्हाताऱ्या, कोंबड्या, भांडी, सगळं लॉऱ्यांत चढलं. काही पुरुष मात्र कट्टुमरम वर ओढून बांधायला मागे राहिले. कट्टुमरम म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेली त्यांची होडी. ती गेली तर लॉरीने वाचवलेली माणसं खाणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. परत येऊन त्यांना घेऊन जाऊ असं ठरलं.

परत जाता आलं नाही. खाडीचं पाणी वाढून तो सखल रस्ता बुडाला होता. आम्ही अलीकडच्या उंचवट्यावर उभे होतो. उजेड अजून होता. सिनेमात दाखवतात तशी भिंतीसारखी लाट मला दिसली नाही. तुळजाराव नेहमी सांगत तेच झालं. समुद्राची पातळीच चढली, सावकाश, कुणीतरी हौदात नळ सोडावा तशी, आणि वाऱ्याच्या लाटा तिच्या खांद्यावर बसून जिथे कधी पोचत नसत तिथे पोचल्या. आधी वाळूच्या पट्टीची कड गेली, मग झोपड्यांची रांग. नंतर समुद्र कुठे संपतो आणि खाडी कुठे सुरू होते ते सांगता येईना.

मागे राहिलेल्यांतले काही ताडांना धरून वाचले. काही वाचले नाहीत. मुत्तय्याचा धाकटा भाऊ त्यांत होता.

मद्रास शहरात त्या संध्याकाळी समुद्र मागे गेला होता. लोक दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर शंख वेचायला गेले. वर्तमानपत्रात एका गृहस्थाचं पत्र आलं की सरकारने विनाकारण घबराट केली, वादळ काहीच नव्हतं, त्यांच्या गच्चीवरची एक कुंडी फक्त पडली. तुळजारावांनी ते पत्र वाचलं आणि घडी करून ठेवलं. शून्य मार्क दिले नाहीत. लाल पेन्सिल टेबलावरच होती.

"लॉऱ्यांची आणखी एक खेप झाली असती," एवढंच ते मला म्हणाले. "रस्ता बुडायच्या आधीं. मी पोपट आणि मेणबत्ती करीत बसलों तेवढ्या वेळांत."

मी म्हणालो, "साहेबांनी ऐकायला नको होतं का पण? चूक त्यांची होती."

"त्यांची चूक ठाऊकच होती मला. पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ठाऊक असलेल्या खडकावर जहाज घातलें तर खडकास शिक्षा करितात काय?"

महिन्याभराने वर्तकसाहेबांचा सत्कार झाला. मंत्री आले होते, मोठा हॉल होता, जास्वंदीएवढ्या टपोऱ्या शेवंतीचा हार होता. साहेब भाषणाला उभे राहिले, छातीवर हात ठेवला. त्या दिवशी काटा वाचताना आपल्याला कसं एकदम सुचलं ते सांगितलं. पुलांचे दोन किस्से सांगितले. आणि मग, टाळ्यांनी चढून, त्यांनी त्या पाण्याचं शास्त्र सांगितलं. म्हणाले, "ब्रह्मदेशापासून निघालेलं ते प्रचंड पाणी उपसागर ओलांडून, हजारो मैलांचा प्रवास करून..."

आमच्या कार्यालयाची माणसं तिसऱ्या रांगेत होती. एकेक मान तुळजारावांकडे वळली. शिपायापासून टंकलेखकापर्यंत सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. काही जण आधीच हसायच्या तयारीत होते. वर्षानुवर्षं त्यांनी आम्हाला या वाक्यासाठी तयार केलं होतं. मीही वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर आतुरतेने पाहत होतो.

तुळजारावांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा जोरात. नंतर रांगेत उभे राहून, हार घातलेल्या साहेबांसमोर गेले आणि म्हणाले, "सार, फार छान सांगितलेंत."

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. मला राग आला होता, आणि तो लपवता येत नव्हता. "तुळजाराव, ब्रह्मदेशाचं पाणी?"

"आलें असेल," ते म्हणाले. "साहेब म्हणतात." मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. "एन्नोरचा रस्ता उंच करायचा आहे. मोठें काम आहे, सही ह्याचीच लागते. आणि पुढच्या वादळास फोन ह्याच्याच टेबलावर वाजणार, माझ्या नाहीं." वेष्टी सावरत ते दोन पायऱ्या उतरले. "मामीस सांगा, मी आतां माणसांत आलों."

मी मामींना सांगितलं नाही.

पुढे मला पुण्याला नोकरी मिळाली. जाण्याच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला कार्यालयात गेलो तर ते एन्नोरला गेलेले. मी बस धरून तिकडे गेलो. ऊन कडक होतं. खाडीच्या कडेला रस्त्यासाठी खडी आणि मुरूम टाकायला सुरुवात झाली होती. वर्तकसाहेब कुणा अधिकाऱ्याला हातवारे करून समजावत होते की हा रस्ता उंच करण्याची कल्पना आपल्याला त्या वादळातच कशी सुचली, आणि जमलेल्या कोळ्यांत मुत्तय्या निर्विकार चेहऱ्याने उभा होता. तुळजाराव साहेबांच्या मागे एक पाऊल अंतरावर होते. त्यांच्या हातात साहेबांची काळी छत्री होती आणि ती त्यांनी साहेबांच्या डोक्यावर धरली होती. स्वतःचं टक्कल उन्हात चकाकत होतं.

"इथपर्यंत भराव पुरे," साहेब म्हणाले.

"बरोबर, सार," तुळजाराव म्हणाले. "आणि आपण मघां म्हणालांत कीं आणखी तीन फूट उंच हवा, तें तर फारच योग्य."

साहेब क्षणभर घोटाळले. असं काही ते म्हणाले नव्हते. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. "हां. तीन फूट. मी म्हणालोच होतो."

समुद्रावरून वारा आला आणि छत्री उलटी झाली. तुळजारावांनी ती खाली घेतली, काड्या एकेक करून सरळ केल्या आणि पुन्हा साहेबांच्या डोक्यावर धरली. मला त्यांनी पाहिलं होतं. पण हात रिकामा नव्हता, म्हणून मीच नमस्कार केला, आणि मुरमाची लॉरी मागे येत होती तिला वाट देण्यासाठी बाजूला झालो.